कादंबरीतली आई मुलाला घडवते की बांधून ठेवते?

ओसरी :
सुट्टीत भाचीला 'श्यामची आई' मोठ्यानं वाचून दाखवत होते. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम अडून बसतो आणि आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, तो प्रसंग. भाचीनं थांबवलं, "ओचा म्हणजे काय?" मी साडीच्या पुढच्या निऱ्या हातात धरून दाखवल्या. लगेच म्हणाली, "मग तिची साडी खराब झाली असेल ना?"

पायाला जपतोस तसं मनालाही जप, एवढंच ती आई पुढे सांगते. साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेव्हा आईला जाऊन 15 वर्षं उलटली होती. कथा-कादंबरीतल्या आईचा ठसा मला असाच वाटतो. ती गेल्यावरही मुलाच्या आत बसून बरंवाईट निवडत राहते. बापाशी भांडून मूल मोकळं होतं, आईपासून होत नाही. तुम्हाला पटतं?

पिंपळपान :
नाही पटत. तुमच्या भाचीनं नेमकं विचारलं. 42 रात्री श्याम बोलतो, आईच्या वाट्याला एकही रात्र येत नाही. कर्जापायी घरावर जप्ती येते, ती खचत जाते, आणि तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला मुलाच्या तोंडूनच कळतं. अशी आई वाचून मुलगे हळवे होतात आणि पुढे घरातल्या बायकांना तेच माप लावतात. बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर निघाले, तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसानं हेच पुस्तक माझ्या हातात ठेवलं होतं. त्यात पुस्तकाचा दोष नाही, कळतं मला. पण त्यानंतर ते उघडवलं नाही.

दुपारवेळ :
"मुलाच्या आत बसून" हे वाचून मला भीतीच वाटली. डी. एच. लॉरेन्सची 'सन्स अँड लव्हर्स' (1913) याच गोष्टीची कादंबरी आहे. नवरा खाणकामगार, दारूच्या आहारी गेलेला. त्याच्यावरून मन उडालेली गर्ट्रूड मोरेल सगळी माया मुलांवर ओतते. थोरला विल्यम मरतो, मग सगळा भार पॉलवर. त्याला ना मिरियमवर जीव लावता येत, ना क्लारावर. ती जागा आईनं आधीच व्यापलेली. शेवटी दुखण्यानं तळमळणाऱ्या आईला तो आणि बहीण दुधातून जास्तीचं मॉर्फिया देतात. तिथं मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. याला घडवणं म्हणायचं?

ओसरी :
लॉरेन्सचं मान्य. पण श्यामची आई मुलाला पदराशी बांधून ठेवत नाही. पोहायला नको म्हणून तो माळ्यावर लपतो, तेव्हा तीच त्याला मारून विहिरीवर पाठवते, लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून. आणि पिंपळपान, आईचं लुगडं ओलं झालं हे श्याम स्वतःच बोलून दाखवतो. लहानपणी जे दिसलं नाही ते त्याला मोठेपणी दिसतं, मी ठसा म्हणते तो हाच. तुमच्या हातात पुस्तक ज्या तऱ्हेनं आलं, ते मात्र वाईटच.

वऱ्हाडवाट :
उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (1960) कौतिक कोणालाच कशी आठवली नाही? नवरा कामचुकार, पुढे महारोगानं ग्रासलेला. ती बाई मरमर राबते. पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला तिला उसंतच नाही, आणि एवढं करून तिच्या हाती काही लागत नाही. आमच्याकडे अशा घरांत पोरं घडतात-बिघडतात ती चुलीत काय शिजलं त्यावर. आईच्या ठशाचं कौतुक करण्याआधी त्या घरात दाणा होता का, ते पाहा.

पिंपळपान :
कौतिक मला फार जवळची. तिला कोणी देवी केलं नाही.
आणि महाश्वेतादेवींची 'हजार चुराशीर मा' घ्या. नक्षलवादी चळवळीत मारला गेलेला व्रती 1084 नंबरचं प्रेत होऊन उरतो. बँकेत नोकरी करणारी त्याची आई, सुजाता, तो कोण होता हे त्याच्या मृत्यूनंतर शोधत जाते आणि बदलते. इथे मुलानं आईला घडवलंय. असं आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.
ओसरी, साडीचं भाचीला काय उत्तर दिलंत?

ओसरी :
हो म्हटलं, खराब झाली असेल. ती म्हणाली, "मग आता पुढचं मी वाचते."