द हाइव्जचा नवा अल्बम आणि आमचं अनगोळचं गोडाउन

भट्टीवाला:
नमस्कार मंडळी. २९ ऑगस्ट २०२५ ला द हाइव्ज या स्वीडनच्या रॉक बँडचा अल्बम आला तो गणपतीचा तिसरा दिवस. गल्लीत झांजपथक, माझ्या कानात हेडफोन. पहिलं गाणं संपायच्या आत उठून उभारलो की ओ! १९९३ पासूनचा बँड. २०१२ ते २०२३ मधे नव्या गाण्यांचा एकसुद्धा अल्बम नाही, मग दोनच वर्षांत हा दुसरा. गायक पेले आल्मक्विस्ट तेव्हा सत्तेचाळीसचा, तरी आवाजात तीच आग. त्यांचं गाव फागेर्स्टा, पोलादाच्या कारखान्याचं. मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहे, त्यामुळं ही माणसं मला परकी वाटतच नाहीत.

आता प्रश्न. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता, मी ड्रमर. वीस वर्षांनी परत जमलोय, दर रविवारी अनगोळला एका गोडाउनात वाजवायलोय. मध्यंतरी एका स्टुडिओत दोन गाणी केलो. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं वाजवायला लावलं आणि माझा ठोका कॉम्प्युटरवर सरळ केला. कडवं संपताना मी जरासा पुढं पळतो. गिटारवाला त्याच्यावरच उडी घेतो, गाणं तिथंच पेटतं. ते सगळं गेलं. घरी ऐकलो तर आमचंच गाणं ओळखू येईना, फार वाईट वाटलं.

गोडाउनातच रेकॉर्ड करायचं ठरवलंय. माईक दोनच आहेत. कसं करू?

टिळकवाडीकर:
दोन म्हणजे पुष्कळ. अमेरिकेतल्या टॅकोमाच्या द सॉनिक्स या बँडनी १९६५ चा पहिला अल्बम दोन ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या दोनच पट्ट्यांच्या, टेपवर केला, ड्रमला एकच माईक. २०१५ मध्ये त्यातले जुने गायक, गिटारवाले आणि सॅक्सोफोनवाले परत जमले आणि नवा अल्बम केला, तोही मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही, सगळा आवाज एकत्रच. चौघं एका वेळी वाजवा. एक माईक ड्रमच्या समोर चार-पाच फुटांवर, छातीच्या उंचीला. दुसरा गाणाऱ्याला. गिटार ड्रमच्या माईकमध्ये आपोआप येते. कमी पडली तर आवाजाचं बटण फिरवू नका, गिटारचा अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) पुढं सरकवा.

खानापूरची ताई:
आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी एका माईकवर करते. बुवा पुढं, टाळकरी त्यांच्या मागं अर्धगोलात, पखवाज सगळ्यात मागं भिंतीकडं. कोण किती लांब बसलं यावरच सगळा मेळ. आधी एक अभंग घेऊन ऐकायचं, मग माणसं हलवायची. भाऊ, तुमच्या गोडाउनला पत्रा असणार, तो झणझणतो. ड्रमच्या पाठीमागं जुन्या गाद्या उभ्या करा, वर गोणपाट बांधा. आणि टाळी वाजवून बघा, टाळीचा आवाज जिथं कोरडा येतो तिथं माईक ठेवा.

भट्टीवाला:
ताई, टिळकवाडीकर, तुमचे उपकार कसे फेडू! परवा रविवारी तसंच केलो. बेसचा एक सूर लागला की माझ्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा करकरायच्या. बेसचा अँप भिंतीकडं फिरवलो, थांबलं. सातव्या वेळेला गाणं लागलं. कडव्याच्या शेवटी मी पळालो, गिटारवाला बरोबर माझ्यासंगट आला. घरी बायकोला ऐकवलो, ती म्हणाली, हे तुम्हीच.

येत्या रविवारी दुसरं गाणं. गाद्या अजून दोन पाहिजेत. कुणाकडं जुन्या पडून असल्या तर सांगा, मी गाडी घेऊन येतो.