पडलेला बेहडा उचलायचा की राहू द्यायचा?

सुपारीवाला (श्रीवर्धन तालुका):
मंडळी, रविवारी गावकीची बैठक आहे, त्याआधी सल्ला हवाय.

आमच्या वाघजाईच्या देवराईत एक बेहडा होता. दोघांनी कवेत घेतला तरी हात पुरायचे नाहीत. पंचवीसेक हात उंचीवर ढोली, आणि मला आठवतं तेव्हापासून दरवर्षी तिथं ककणेराची, म्हणजे धनेशाची, जोडी. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घ्यायची, फटीतून नुसती चोच दिसायची. नर घशातून एकेक उंबर काढून भरवायचा. लहानपणी आम्ही मोजायचो. एकदा सत्तावीसपर्यंत आलो नि आजीने जेवायला हाक मारली, पुढची राहिली ती राहिलीच.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझ्या दोनशेवर पोफळी आडव्या झाल्या, बेहडा उभा राहिला. पण दर्याकडची मुळं उचलली होती. यंदा, २०२५ ला, पाऊस मेअखेरीलाच कोसळायला लागला आणि त्या भिजल्या मातीत बेहडा गेला. ढोलीत पिल्लू होतं, पंख पुरते फुटलेलं. जास्त लिहीत नाही.

आता गावात दोन तट. मुंबईकर मंडळी म्हणतात, खोड विकू, देवळापुढे शेड घालू, जागा साफ करून झाडं लावू. एका कार्यालयातून दोनशे रोपं फुकट मिळतायत, निम्मी ऑस्ट्रेलियन बाभूळ! मला पटत नाही. पण "मग तू सांग काय करायचं" म्हटलं की गप्प बसतो.

सडेकर (लांजा):
दादा, खोडाला हात लावू देऊ नका. ते कुजेल, त्यात भुंगेरे येतील, अळंबी येईल, त्यामागून सुतारपक्षी येईल. शेडला लोखंडी पाइप मिळतात की.

घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. बेहडा पडला तिथं ऊन आलं असणार, म्हणजे रानमोडीचं तण शिरणार. दिवाळीनंतर ती फुलते, त्याआधी मुळासकट उपटा. कोयत्याने छाटलीत तर दुप्पट फुटेल. आणि रोपं कशाला आणताय? जुन्या ढोलीखालची जमीन बघा आधी. इतकी वर्षं नराने जे आणलं, त्याच्या बिया तिथंच पडल्यात.

पक्षीनोंद (पुणे):
पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. मे-जूनच्या वादळांचं दुखणं असं, की नेमकी तेव्हाच पिल्लं ढोलीत असतात. झाड वाढवता येतं हो, पण फांदी मोडून, बुरशी लागून, आतून पोखरून ढोली व्हायला आपली हयात पुरत नाही.

थायलंडमधल्या बुडोच्या डोंगरात धनेशांना कृत्रिम ढोल्या दिल्या, त्यात पिल्लं वाढली. पण जुनी ढोली दुरुस्त करणं त्याहून सोपं. तळ कुजून खाली गेला की मादीला तोंडापर्यंत पोचता येत नाही, मग ती ढोली सोडून देतात. तिथं माती भरायची, बस.

खाडीपलीकडचा (दापोली):
मुंबईकरांना वादळांचे आकडे सांगून काय होणार? देवराईतलं लाकूड आहे, देवीला कौल लावा. आमच्याकडे कौलाशिवाय काटकी हलत नाही.

सुपारीवाला:
कौलाचं आमच्याही मनात होतं, पण गुरव शेडवाल्यांचा मेव्हणा आहे. देवीला लावलेला कळा कुठल्या बाजूला पडेल ते मी आत्ताच सांगतो.

सडेकर, काल घोटाभर चिखलात जाऊन बघितलं. ढोलीखालच्या चार हात जागेत उंबराची बारकी रोपं, रामण, आणि काजरा तर मोजता मोजता सोडून दिला. आई म्हणाली, काजऱ्याचं बी विषारी, पण ककणेराला चालतं. फोटो काढलेत, बैठकीत तेच पुढे ठेवतो. वड-नांद्रुकाच्या फांद्या आमच्या आमच्या रोवू, पाऊस आहे तोवर जगतील.

पक्षीनोंद, ओढ्यापलीकडे दुसरा बेहडा आहे. त्यालाही ढोली आहे, पण बरीच वर्षं रिकामी. तळ गेला असेल हे कधी डोक्यात आलं नाही. पोफळीवर चढणाऱ्या आमच्या गड्याला विचारलं तर म्हणतो, एवढ्या जाड खोडाला माझा फास पुरायचा नाही. लांब दोर बघतोय. पाऊस उघडला की चढवतो त्याला.