केनियात दवाखान्याची इमारत होते, पण नर्स का येत नाही?

प्रश्न
खासदार निधीतून दवाखाना बांधला जातो आणि मग वर्षानुवर्षं त्याला कुलूप, असं केनियाबद्दल सारखं वाचायला मिळतं. पैसा कमी पडतो, की खासदार आणि गव्हर्नर (काउंटी या स्थानिक सरकारचा निवडून आलेला प्रमुख) यांचं पटत नाही? काम अडकणार हे आधी ओळखता येतं का?

प्रतिसाद १
घोडं अडतं ते आवर्ती, म्हणजे दरवर्षी लागणाऱ्या खर्चापाशी. २०१० च्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुसूचीनुसार दवाखाने, बालवाड्या, काउंटी रस्ते ४७ काउंटींकडे आहेत. प्राथमिक-माध्यमिक शाळा आणि पोलीस केंद्राकडे. खासदारांचा निधी मात्र २००३ पासूनचा, म्हणजे काउंटी येण्याआधीचा. त्या पैशातून भिंती उभ्या राहतात, नर्सचा पगार आणि औषधं काउंटीनं द्यायची. पाटीवर खासदाराचं नाव, आणि तोच पुढच्या निवडणुकीत गव्हर्नरपदाला उभा राहणार असेल, तर पदं मंजूर करायची घाई कोण करेल? गव्हर्नरला दोनच कार्यकाळ मिळतात, त्यामुळे दुसऱ्या कार्यकाळात खुर्ची मोकळी होणार हे सगळ्यांना दिसतं आणि श्रेयाची ओढाताण वाढते. २०१५ च्या कायद्यानं हा निधी केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांपुरता आणला. तरी वाद मिटला नाही. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो कायदाही घटनाबाह्य ठरवला.

प्रतिसाद २
ओळखता येतं, कागद मागवा. काउंटीचा वार्षिक विकास आराखडा १ सप्टेंबरपर्यंत काउंटी विधानसभेत मांडावा लागतो. त्यात दवाखान्याचं नाव आहे का बघा. मग अंदाजपत्रकात पगार आणि औषधांची तरतूद शोधा. नुसता बांधकामाचा आकडा असेल तर इमारत रिकामी राहणार असं मी धरून चालतो. जमीन कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. केंद्रानं काउंटीचं किंवा काउंटीनं केंद्राचं काम हाती घेतलं असेल, तर राज्यघटनेच्या कलम १८७ खालचा लेखी करार हवा. तोंडी आश्वासन निवडणुकीनंतर कुणी पाळत नाही. यातलं काहीच नसेल तर कोनशिला बसण्याआधी जनसुनावणीत हरकत नोंदवा, नंतर उपयोग नाही.

प्रतिसाद ३
सगळं खापर गव्हर्नरच्या आकसावर फोडू नका. २०१९ मध्ये काउंटींना किती द्यायचं यावर संसदेचं वरचं सभागृह सिनेट ३३५ अब्ज शिलिंगवर अडलं, खालचं सभागृह नॅशनल असेंब्ली ३१० अब्जांवर. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, तोडगा निघाला सप्टेंबरमध्ये, ३१६.५ अब्जांवर. पैसा असा उशिरा आला की आधी पगार भागवले जातात, ठेकेदारांची बिलं थकतात आणि अर्धवट काम तसंच पडून राहतं. मग वाढलेल्या दरानं नवं टेंडर.

प्रतिसाद ४
असं फक्त केनियातच नाही. शेजारच्या युगांडात राजधानी कंपालाची रचनाच भांडण लावणारी आहे. २०१० च्या कायद्यानं लॉर्ड मेयर लोकांनी निवडायचा, पण प्रशासन आणि हिशेब राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यकारी संचालकाच्या हाती. २०१३ मध्ये नगरसेवकांनी तेव्हाचे लॉर्ड मेयर एरियास लुक्वागो यांना पदावरून दूर करण्यासाठी मतदान केलं. २०१६ मध्ये मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. ज्याच्याकडे मतं त्याच्याकडे सही नाही, त्यामुळे रस्ता रखडला तर जाब कुणाला विचारायचा हे लोकांना कळत नाही.