चंद्रावरच्या निवासासाठी केलेला यांत्रिक हात पृथ्वीवर कसा तपासावा?

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चंद्रावरच्या निवासात भाजीच्या कुंड्यांची देखभाल करणारा यांत्रिक हात आम्ही चौघे प्रकल्प म्हणून तयार करीत आहोत आणि आमचे घोडे चाचणीपाशी अडले आहे.

हाताचे वस्तुमान 3.6 किलो असून गुरुत्वमध्य खांद्यापासून 40 सेंटीमीटरवर आहे. हात आडवा ताणला की खांद्यावर इथे सुमारे 14 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो, चंद्रावर जेमतेम 2.3 येईल. मोटर त्या हिशेबाने 6 न्यूटन-मीटरची घेतली. साहजिकच पहिल्याच चाचणीत हात मेथीच्या कुंडीवर धपकन आदळला.

अंतराळ शटलवर 1981 साली गेलेल्या कॅनडार्म या यांत्रिक हातालाही पृथ्वीवर स्वतःचा भार पेलवत नसे, हे वाचून धीर आला. त्याची चाचणी सपाट फरशीवर, हवेच्या थरावर तरंगवून घेत. पण ही युक्ती आडव्या हालचालींपुरतीच चालते आणि आमचा हात मुख्यतः वर-खाली हलतो. खांद्यामागे 20 सेंटीमीटरवर 6 किलोचे काउंटरवेट (समतोलाचे वजन) लावल्यास पाच-षष्ठांश भार उतरतो खरा, पण जडत्व सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि हात थांबताना टोकाला येणारा जो हेलकावा आम्हाला मोजायचा आहे, तोच खोटा ठरतो. हातच हलक्या साहित्याचा करा, असे आमचे सर सुचवतात. नासाची सरावाची स्केअरक्रो गाडी याच तत्त्वावर मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीपेक्षा हलकी ठेवलेली आहे. मात्र चाकांच्या पकडीसाठी जे चालते ते हेलकाव्यासाठी चालणार नाही, असे मला वाटते.

म्हणून सध्या कोपर सरळ बांधून, गिअरबॉक्स सुटा करून, पाच-षष्ठांश भार पेलण्यासाठी खांद्याला पुलीवरून नायलॉनच्या दोरीने स्प्रिंग जोडली आहे. खांद्यापासून 90 सेंटीमीटरवरच्या पंजाला तानकाटा अडकवल्यास हात आडवा असताना 265 ग्रॅमच्या आसपास वाचन यायला हवे. प्रत्यक्षात हात सावकाश वर नेताना 410 आणि खाली आणताना 120 येते, म्हणजे सरासरी बरोबर असली तरी घर्षणच उरलेल्या भाराच्या निम्म्याहून अधिक आहे.

पुली 20 मिलिमीटर व्यासाची असून तिला बेअरिंग नाही. मोठी, बॉल बेअरिंगची पुली आणि सायकलच्या ब्रेकची तार वापरल्यास वर नेतानाच्या आणि खाली आणतानाच्या वाचनांतला फरक 50 ग्रॅमच्या आत येईल का? आणि कोपर मोकळे केल्यावर त्याच्यासाठी वेगळी स्प्रिंग पुरेल, की समांतरभुज जोडणी करावीच लागेल? असे काही स्वतः जुळवलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.