होमस्टेच्या अंगणात गाणारे पक्षी टिकवायचे कसे?

गोराईचं_अंगण: गोराईत दोन खोल्यांचा होमस्टे, अंगण ८०० चौरस फूट. दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंजीर येतात. पण तांदूळ-बाजरी टाकायला लागल्यापासून कबुतरंच जास्त झालीत. शिवाय एका खिडकीच्या काचेवर दयाळ सकाळभर चोच आपटतो. काय बदलावं?

पानगळ: दाणे आजच बंद करा. दयाळ किडे खातो, शिंजीर मध आणि कोळी, बुलबुल फळं नि किडे. कच्च्या दाण्याकडे यातलं कुणी ढुंकूनही बघत नाही.

पाणी मात्र ठेवा. मातीची पसरट थाळी, काठाशी १ इंच, मध्ये २ इंच पाणी आणि एक खडबडीत दगड. स्टीलची नको, पाय घसरतात आणि उन्हात तापते. रोज पाणी ओतून देऊन थाळी काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवा, नाहीतर मांजर दबा धरून बसतं.

झाडांत जास्वंद हवीच. कढीपत्ता छाटत राहू नका, फळू द्या. सिंगापूर चेरीवर बुलबुल आणि फुलटोचे तुटून पडतात. झाड परदेशी आहे, पण ते बुलबुलाला कोण सांगणार! फांद्या ठिसूळ असतात, म्हणून पावसाळ्याआधी उंची आवरा. छाटण्याआधी घरटं आहे का ते बघून घ्या. झुडपांखालचा पाला झाडू नका, दयाळाचा बाजार तिथेच भरतो.

चिंचपान: काचेचं कारण विणीचा हंगाम, साधारण मार्च ते जुलै. स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतं. आतून गडद पडदा लावाल तर आरसा आणखी स्पष्ट होईल. बाहेरून जुनी मच्छरदाणी ताणा किंवा काचेला बाहेरून साबणाचं पाणी फासून वाळू द्या.

गोराईचं_अंगण: पाहुणे मोबाइलवर दयाळाचा आवाज लावून त्याला बोलावतात. चालेल का?

चिंचपान: विणीत अजिबात नको. घुसखोर आलाय समजून नर त्याच्याच मागे लागतो, पिलांचं खाणं राहून जातं. आणि व्हरांड्यातली जळमटं सरसकट काढू नका, शिंजीर घरटं विणायला तीच नेतो. कीटकनाशकाचा फवारा तर मुळीच नको.