विंडोज ९८ चा पीसी उठत नाही, स्टार्टअप फ्लॉपी आता कशी करायची?

उद्यमनगर_मशीनशॉप
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. बाबा मशीन बघतात, मी हिशेब बघते. सीएनसी लेथला, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप चालणाऱ्या लेथला, प्रोग्राम पाठवायला विंडोज ९८ चा एक पेंटियम थ्री आहे, आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलनं जोडलेला. परवा पावसात दिवसभर लाइट नव्हती. आल्यावर पीसी चालू केला तर काळ्या पडद्यावर ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’ एवढंच. तारीख २००० सालची दाखवतोय. लॅपटॉपवर बूटेबल पेनड्राइव्ह करून लावला, पण बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, फ्लॉपी, सीडी आणि हार्डडिस्क एवढीच नावं आहेत. सीडी ड्राइव्ह कधीचा बंद आहे. आत सव्वातीनशे प्रोग्राम आहेत, बाबांनी वीस वर्षांत एकेक जॉब लावून बसवलेले. दुसरी कॉपी कुठंच नाही. काल रात्री बाबा नीट जेवलेसुद्धा नाहीत. कुणी सांगेल का?

राजारामपुरी_नववी_गल्ली
रूफस हे बूटेबल पेनड्राइव्ह करायचं सॉफ्टवेअर घ्या, बूट सिलेक्शनमध्ये फ्रीडॉस (डॉससारखी छोटी सिस्टिम) निवडा. पाच मिनिटांत पेनड्राइव्ह तयार. माझ्या कोअर टू ड्युओवर मस्त चालतो.

कळंबा_रोड
ताई, डिस्कवर अजून काही लिहू नका, काही फॉरमॅट करू नका, एफडिस्कला (डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रामला) तर हातच लावू नका. मी १९९८ पासून ही मशिनं दुरुस्त करतोय. अशा वेळी डेटा बिघाडानं कमी आणि घाईच्या दुरुस्तीनं जास्त गेलेला बघितलाय.

तारीख मागं गेलीय म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडंही मिळतो. सेल गेला की बायोसची सेटिंग्ज जातात. नवा सेल घाला, चालू करताना डिलीट दाबून आत जा आणि हार्डडिस्कचा मोड बघा. तिथं नॉर्मल, लार्ज, एलबीए असे पर्याय असतात, म्हणजे डिस्कवरच्या जागा मोजायच्या पद्धती. डिस्क एलबीएमध्ये भरलेली असेल आणि आता नॉर्मल झाली असेल, तर पीसी चुकीच्या जागी वाचतो. त्या अवस्थेत डिस्कवर काही लिहिलंत तर चांगला डेटा खराब होईल. म्हणून मोड आधी, फ्लॉपी नंतर.

वरच्या दादांचा उपाय चांगला आहे, पण तुमचा बायोस पेनड्राइव्हवरून उठवतच नाही, त्यामुळे इथं फ्लॉपीच. ओळखीत कुणाकडं चालू विंडोज ९८ असेल तर कंट्रोल पॅनल, ॲड-रिमूव्ह प्रोग्राम्स, स्टार्टअप डिस्कचा टॅब, क्रिएट डिस्क. एक्सपी असेल तर ए ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, खाली एमएस-डॉस स्टार्टअप डिस्कवर खूण. एक्सपीच्या फ्लॉपीत मात्र विंडोज मिलेनियमचा डॉस असतो. कॉपी काढायला चालतो, पण ९८ च्या सिस्टिम फाइली परत बसवायला ती फ्लॉपी वापरू नका.

स्टार्टअप फ्लॉपीची इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल, मिळाली तर ती फ्लॉपीवर नुसती कॉपी करून उपयोग नाही. बूट होण्याचा कोड पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये असतो, कॉपीनं तो लिहिला जात नाही. इमेज लिहिणारं सॉफ्टवेअरच लागतं, आणि फाइल बरोबर १४,७४,५६० बाइट्सची हवी.

जुन्या फ्लॉप्या असतील तर पत्र्याची झडप सरकवून आतली फिल्म उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसात पांढरी बुरशी धरते. तसली घातली तर ड्राइव्हचं हेडही खराब होतं.

फ्लॉपीवरून उठला की सी ड्राइव्हमध्ये, म्हणजे हार्डडिस्कवर, जाऊन डीआयआर करा, फाइलींची यादी दिसेल. ९८ च्या फ्लॉपीनं उठवलात तर डी ड्राइव्हवर भलत्याच थोड्या फाइली दिसतील, घाबरू नका. तो फ्लॉपीनं मेमरीत केलेला तात्पुरता ड्राइव्ह असतो. तुमचे प्रोग्राम साधा मजकूर आहेत, एकेक दोन-चार केबीचा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत शेकड्यानं मावतील. दुसरी कोरी फ्लॉपी घालून कॉपी करा. विंडोज उठवायचं मग बघू.

उद्यमनगर_मशीनशॉप
काका, सेल बदलला. मोड खरंच नॉर्मल होता, एलबीए केला. बाबांच्या डब्यातल्या अकरा फ्लॉप्यांपैकी सहा बुरशीच्या निघाल्या. शेजारच्या प्रेसमध्ये एक्सपी होतं, तिथं फ्लॉपी केली. डीआयआर केल्यावर ओ०००१ पासून प्रोग्रामांची सगळी नावं खाली पळायला लागली आणि बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले. दोन फ्लॉप्यांत सगळे बसले. मग फ्लॉपी काढून पीसी चालू केला तर विंडोज आपोआप उठलं! आता सिस्टिम फाइली परत बसवायच्या का?

कळंबा_रोड
नाही. चालतंय त्याला हात लावू नका. फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीचा कुणाकडून तरी आणा आणि आजच सगळं लॅपटॉपवर उतरवा. मग एक प्रोग्राम लेथला पाठवून, जॉब न लावता कोरा फिरवून बघा. बाबांना माझा नमस्कार सांगा.