मदत हवी आहे: लवचीक सांधे आणि खुब्याचं 'निसटणं', पुढे काय?

नमस्कार मंडळी. पेशंट २४ वर्षांची, भरतनाट्यम करणारी. बायटन स्कोअर (सांधे किती लवचीक आहेत याचे गुण) ९ पैकी ७ (त्यात खुबा मोजलाच जात नाही, म्हणून हा आकडा एकटा कामाचा नाही). तक्रार जांघेत पुढच्या बाजूला: लांब पाऊल टाकलं की खुबा 'सुटल्यासारखा' वाटतो आणि पुढून कट्ट आवाज येतो.

पालथं झोपवून, पाय बाहेरच्या बाजूला फिरवून ट्रोकँटर (खुब्याच्या बाजूला लागणारा मांडीच्या हाडाचा उंचवटा) मागून पुढे दाबला की नेमकी तीच कळ. टेबलाच्या कडेला पाय मागे नेऊन बाहेर वळवला तरी तेच. एक्स-रेत लॅटरल सेंटर-एज अँगल (खुब्याची वाटी मांडीच्या हाडाचं डोकं किती झाकते ते सांगणारा कोन) २२ अंश, म्हणजे वाटी उथळ असण्याच्या सीमारेषेवर. एमआरआयमध्ये लॅब्रम (वाटीच्या कडेची कूर्चेची कड) पुढून फाटलेलं.

स्ट्रेचिंग पूर्ण बंद केलंय. 'आखडलंय' म्हणून सोआसला (खुब्याच्या पुढून जाणारा, मांडी उचलणारा स्नायू) ताण देत राहिलं की त्रास वाढतो, कारण सैल कॅप्सूलचं (सांध्याभोवतीचं आवरण) काम तोच स्नायू करत असतो. सध्या ग्लुटियस मिडियस (नितंबाच्या बाजूचा स्नायू) आणि खोल रोटेटर्स (खुबा फिरवणारे आतले छोटे स्नायू) यांचे व्यायाम, सांधा टोकाला न नेता मधल्या रेंजमध्ये, १०-१० सेकंदांचे होल्ड. उभं राहताना गुडघे मागे लॉक करून पोट पुढे काढायची सवय मात्र काही केल्या जात नाही!

प्रश्न असे: एक्स-रेवर फीअर इंडेक्स (खुबा अस्थिर आहे का याचा अंदाज देणारा कोन) मोजून घ्यावा का, आणि मांडीच्या हाडाच्या पिळासाठी सीटी आत्ताच मागवावा का? ऑर्थोपेडिक सर्जन दुर्बिणीतून लॅब्रम शिवायचं म्हणताहेत. सोबत कॅप्सूल घट्ट शिवणं आणि सोआस न कापणं याचा आग्रह धरावा, की आधी पीएओचं (वाटीचं हाड कापून ती नीट झाकेल अशी फिरवण्याची शस्त्रक्रिया) मत घ्यावं? आणि अरमंडीत (भरतनाट्यममधली गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची स्थिती) परत कधी बसवता?